शर्यतीचं घड्याळ, उन्हाची चावी

क्रोनोग्राफ मनगटावर बांधणारी माणसं पुष्कळ, तो वापरणारी फार थोडी. पट्टा बदलायला घड्याळ येतं, मी वरचं बटण दाबतो, मधला लांब काटा पळायला लागतो आणि गिऱ्हाईक चमकून विचारतं, "हा पळतोही होय?" सेकंदकाटा बंद पडलाय, १२ वरून हलतच नाही, अशी तक्रार घेऊन येणारेही कमी नाहीत. त्यांना खालचं छोटं वर्तुळ दाखवावं लागतं. खरा सेकंदकाटा तिथं बिचारा गुपचूप फिरत असतो. मधला मोठा काटा स्टॉपवॉचचा, बटण दाबेपर्यंत त्यानं उभंच राहायचं असतं.

नाशकात दुरुस्तीच्या टेबलामागं माझी हयात गेली. हजार तऱ्हेची घड्याळं उघडली, पण मोटारशर्यतीच्या धाटणीच्या क्रोनोग्राफवर माझा विशेष जीव आहे. त्याच्या तबकडीवर जे नक्षीकाम वाटतं, ते जवळजवळ सगळं कुणाच्या तरी अडचणीतून आलेलं आहे. आणि असं घड्याळ उजेडावर चालायला लागल्यापासून ते शौकिनांच्या पेटीतून निघून रोज कामाला जाणाऱ्या माणसाच्या हातावर आलं, याचा मला आनंद आहे.

उदाहरण म्हणून सीकोचा सोलर स्पीडटायमर घेऊ. प्रॉस्पेक्स मालिकेतलं घड्याळ, आतलं मशीन व्ही१९२. केस ३९ मिलिमीटरची, आजच्या थोराड घड्याळांपुढं आटोपशीर. काच सफायरची, किंचित फुगीर. पांढऱ्या तबकडीवर तीन काळी वर्तुळं, म्हणून शौकीन त्याला 'पांडा' म्हणतात. एका वर्तुळात चालू सेकंद, दुसऱ्यात स्टॉपवॉचची ६० मिनिटं, तिसऱ्यात २४ तास. शिवाय सेलमध्ये किती चार्ज उरलाय ते दाखवणारी छोटी खूण. तारखेची खिडकी चार आणि पाचच्या मध्ये, तिरकी. बटण दाबलं की मधला काटा सेकंदाला पाच पावलं टाकत निघतो. आयग्लास लावून पाहिलं तर ती पावलं वेगवेगळी दिसतात. नुसत्या डोळ्यांना तो घाईत सरकल्यासारखा दिसतो.

पांढऱ्यावर काळं का, याचं उत्तर शर्यतीत आहे. गाडी आदळतेय, हात थरथरतोय, वाचायला निमिष मिळतंय, अशा वेळी मिनिटं मोजणारं वर्तुळ पटकन सापडलं पाहिजे. न सापडलं तर काय होतं, ते जॅक हॉयरनं स्वतः भोगलं. स्वित्झर्लंडच्या हॉयर घराण्यातला हा तरुण १९५८ साली एका रॅलीत नेव्हिगेटर म्हणून बसला होता. समोर डॅशबोर्डवर घरच्याच कारखान्यातलं ऑटाव्हिया घड्याळ. त्याची तबकडी त्याला धावपळीत नीट वाचता आली नाही, एका मिनिटाची गफलत झाली आणि पहिला नंबर हुकला. तो राग त्यानं कामात उतरवला. तबकडीवरची गर्दी हटवली आणि पुढं १९६३ साली 'कॅरेरा' काढलं. त्यात सेकंदाच्या पाचव्या भागाच्या खुणा तबकडीवरून उचलून काचेखालच्या आतल्या कड्यावर नेल्या, मधली जागा मोकळी केली. नाव घेतलं मेक्सिकोतल्या 'कॅरेरा पानामेरिकाना' या शर्यतीवरून. ही शर्यत १९५० ते १९५४ अशी पाचच वर्षं चालली. माणसं फार मेली म्हणून बंद झाली.

आज कोणत्याही कंपनीचा 'जुन्या शर्यतीच्या धर्तीचा' क्रोनोग्राफ उचला, त्यात त्या मोकळ्या तबकडीचा अंश सापडेल. पट्ट्याला मोठी गोल भोकं दिसली तर तीही उगाच नाहीत. चामड्याखाली घाम साचू नये म्हणून गाडी चालवायच्या हातमोज्यांना भोकं पाडत, तीच पद्धत पट्ट्याला आली. आपल्या उन्हाळ्यात असा पट्टा खरोखर बरा पडतो.

काचेभोवतीच्या कड्यावर आकडे असतात, ते मोठ्यापासून घटत घटत ६० वर येतात. ही टॅकिमीटर पट्टी. ती घड्याळाच्या बाहेरच्या कड्यावर पहिल्यांदा आणली ओमेगानं, १९५७ च्या स्पीडमास्टरवर. हे घड्याळ पुढं चंद्रावर गेलं, पण काढलं होतं मोटारशर्यतीसाठी. पट्टीचं गणित शाळेतलंच. तासाचे सेकंद ३६००. एक किलोमीटर जायला जितके सेकंद लागले, त्यानं ३६०० ला भागलं की ताशी वेग मिळतो. हा भागाकार आधीच करून कड्यावर लिहून ठेवलेला असतो. समृद्धी महामार्गावर जात असाल तर एका किलोमीटरच्या पाटीजवळ बटण दाबा, पुढच्या पाटीजवळ थांबवा. काटा ३० सेकंदांवर थांबला तर त्यासमोर १२० दिसेल, ३६ वर थांबला तर १००. गाडीचा काटा आणि घड्याळाचा काटा यांचा किती मेळ बसतो, ते पाहायला मजा येते. मात्र हे शेजारी बसलेल्यानं करायचं, चालवणाऱ्यानं नाही. किलोमीटरला एक मिनिटाहून जास्त वेळ लागला तर पट्टी उपयोगाची नाही, काटा तिला ओलांडून पुढं गेलेला असतो.

सीकोच्या क्रोनोग्राफची गोष्ट सुरू होते टोकियोच्या ऑलिंपिकपासून. १९६४ साली तिथली अधिकृत वेळ सीकोनं मोजली. त्यासाठी तयार केलेल्या स्टॉपवॉचमध्ये बदामाच्या आकाराचा कॅम होता. त्यावर पट्टी दाबली की काटा कुठंही असो, थेट शून्यावर येतो. त्याच वर्षी जपानचा पहिला मनगटी क्रोनोग्राफ आला, 'क्राउन'. तो तोशिहिको ओकी यांनी तयार केला. पाच वर्षांनी याच ओकींच्या हातून ६१३९ हे मशीन उतरलं.

१९६९ हे आमच्या धंद्यात सोन्याचं साल. आपोआप चावी भरणारा क्रोनोग्राफ तोवर कुणालाच जमला नव्हता. जानेवारीत झेनिथनं 'एल प्रिमेरो' जाहीर केलं. मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या साथीदारांनी आपलं मशीन लोकांपुढं आणलं. सीकोनं गाजावाजा केला नाही, मे महिन्यात ६१३९ सरळ जपानच्या दुकानांत विकायला ठेवलं. त्याचंच नाव स्पीडटायमर. पहिला कोण, यावर संग्राहक अजून भांडतात. त्या वादात मला रस नाही. मी ते मशीन उघडलं आहे, आणि माझ्या मते आतल्या कामात सीको पुढं होतं.

त्याचं कारण क्लच. जुन्या क्रोनोग्राफमध्ये बटण दाबलं की फिरत्या चाकात दुसरं चाक आडवं येऊन अडकतं. दात दाताला भिडताना कधी अर्धा दात मागं-पुढं होतो आणि सेकंदकाटा निघताना एक उडी मारतो. ६१३९ मध्ये दोन चकत्या एकावर एक बसतात, उभ्या दाबानं. दात नाहीत, उडी नाही. काटा जागचा अलगद सुटतो. बटणांचा हुकूम पाळायला कॉलम व्हील, म्हणजे किल्ल्याच्या बुरुजासारखे खांब असलेलं एक लहानसं चाक. प्रत्येक दाबाला ते एक घर पुढं सरकतं. लिव्हरचं टोक खांबावर चढलं की एक काम, दोन खांबांमधल्या खाचेत पडलं की दुसरं. बटणाला जो स्वच्छ 'टक्' लागतो तो त्या चाकाचा. या घड्याळात वेगळा चालू सेकंदकाटा नाही, म्हणून कित्येक जण क्रोनोग्राफच सतत चालू ठेवत. उभ्या क्लचमुळं त्याला ते झेपतं.

पिवळ्या तबकडीचं असंच एक ६१३९ अंतराळात गेलं. स्कायलॅब मोहिमेतले अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांनी ते सरावाच्या काळात स्वतःसाठी घेतलं होतं. नासाच्या मान्य यादीत ते नव्हतं. १९७३ च्या नोव्हेंबरात ते सोबत घेऊन गेले आणि ८४ दिवस वर राहून घड्याळासह परतले. अंतराळात वापरलेला हा पहिला स्वयंचलित क्रोनोग्राफ, म्हणून संग्राहक त्या घड्याळाला आजही 'पोग' म्हणतात.

त्याच १९७३ सालची एक शर्यत मला याहून जवळची वाटते. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली, चिखल आणि धुळीतून हजारो किलोमीटर. शेखर मेहता हा भारतीय वंशाचा चालक तिथं डॅटसन २४०झेड घेऊन उतरला होता. जन्म कंपालाचा. १९७२ साली इदी अमीननं आशियाई लोकांना युगांडातून हुसकावलं, तेव्हा हे कुटुंब केनियात आलं. दुसऱ्याच वर्षी मेहता सफारी जिंकला, आणि जिंकला तोही कसा? रॅलीत प्रत्येक ठाण्यावर ठरल्या वेळेपेक्षा जितका उशीर, तितका दंड. शेवटी मेहता आणि स्वीडनचा हॅरी शेल्स्ट्रॉम, दोघांच्या दंडाची बेरीज अगदी सारखी निघाली. मग सुरुवातीपासून दंडाशिवाय जास्त लांब कोण गेलं, ते पाहून निकाल मेहताच्या बाजूनं लागला. पुढं १९७९ ते १९८२ त्यानं हीच रॅली सलग चार वेळा जिंकली. मिनिटांच्या हिशेबावर उभ्या असलेल्या खेळात घड्याळाची काय किंमत असते, ते सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. सीकोनं अलीकडे स्पीडटायमरची एक मर्यादित आवृत्ती याच डॅटसन २४०झेडच्या नावानं काढली, ते मला फार योग्य वाटलं.

आमच्या नाशिकलाही रॅलीचं वेड आहे. राष्ट्रीय स्पर्धेची फेरी इथल्या घाटवाटांवर झाली आहे. हौशी लोकांची टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली तर साध्या गाडीतूनही खेळता येते. त्यात वेगानं जाणारा जिंकत नाही. सांगितलेला सरासरी वेग राखून ठरल्या सेकंदाला ठाण्यावर पोहोचायचं, लवकर आलात तरी दंड. आदल्या दिवशी नेव्हिगेटर पोरं घड्याळं घेऊन दुकानात येतात, ती एकमेकांशी आणि अधिकृत वेळेशी मिळवून घेतात. फोन सगळ्यांकडे असतो. तरीही काही जण मनगटावरचा क्रोनोग्राफ सोडत नाहीत, कारण बटण बोटानं शोधता येतं. नजर रस्त्याच्या वहीवरून हलवावी लागत नाही.

अशा घड्याळाच्या मोहात पडलात की जुनं घ्यावं की नवं, हा प्रश्न येतोच. जुन्या ६१३९ चा मोह मी समजू शकतो, पण बाजारात फिरणाऱ्या जुन्या सीकोंमध्ये नव्यानं रंगवलेल्या तबकड्या पुष्कळ आहेत. त्यात मुंबईत रंगवलेल्यांची ख्याती तर परदेशी संग्राहकांपर्यंत गेली आहे. भिंगाखाली अक्षरं पाहा. कारखान्याच्या छपाईत अक्षराची कड धारदार असते, रंगवलेल्यात अक्षर फुगल्यासारखं दिसतं आणि बारीक खुणा सारख्या अंतरावर नसतात. लहान वर्तुळाच्या आतली खोलगट पायरी रंगानं भरून आलेली असते. मशीनही तपासून घ्या. बटण दाबल्यावर काटा नेमका १२ वर परत येत नसेल किंवा मिनिटांचा काटा अडखळत असेल, तर काम मोठं आहे आणि सुटे भाग सहज मिळत नाहीत. गुंतवणूक म्हणून तर घेऊच नका. अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं, ते न्यूमनच्या मनगटावर होतं म्हणून. तुमचं-आमचं घड्याळ वापरण्यासाठी असतं. रोज घालायचं असेल तर माझं मत नव्या सोलरला.

उजेडावर घड्याळ चालवायची कल्पना जुनी आहे. सिलिकॉनचा सौर सेल १९५४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत झाला. काट्यांचं पहिलं सौर घड्याळ १९७६ मध्ये सिटिझननं काढलं. बंगळूरला एचएमटीनं १९६१ साली घड्याळं करायला सुरुवात केली ती ज्यांच्या मदतीनं, तीच ही जपानी कंपनी. सिटिझनच्या त्या पहिल्या सौर घड्याळाच्या तबकडीवर सौर पट्ट्या उघड्या दिसत, रूपाची काही सोयच नव्हती. पुढं तबकडीच अर्धपारदर्शक केली आणि सेल तिच्याखाली लपवला, तेव्हा प्रश्न सुटला. म्हणून सोलर घड्याळाची तबकडी बहुधा धातूची नसते. वरून घट्ट पांढरी वाटते, पण थोडा उजेड तिच्यातून खाली झिरपतो आणि तेवढा पुरतो.

खाली पोहोचलेल्या उजेडाची वीज होते, ती पुन्हा चार्ज होणाऱ्या छोट्या सेलमध्ये साठते. त्या विजेवर क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट हा आकडा पंधरा वेळा अर्धा करत जातं, शेवटी उरतो सेकंदाला एक ठोका, आणि त्यावर मोटर काटा एक घर पुढं ढकलते. क्रोनोग्राफचा अवघडपणा असा की स्टॉपवॉच सुरू झालं की खर्च वाढतो, काटा सेकंदाला पाचदा हलवायचा असतो. तरीही व्ही१९२ पूर्ण भरलेलं असेल तर अंधारातही सहा महिने चालतं, महिन्याला १५ सेकंदांच्या आत-बाहेर. ज्या माणसानं आयुष्यभर चावीची घड्याळं मिळवली, त्याला हा आकडा अजूनही थक्क करतो.

आता वापराचं सांगतो, कारण माझ्याकडे 'बंद पडलं' म्हणून येणाऱ्या सोलर घड्याळांपैकी पुष्कळ घड्याळांना काहीही झालेलं नसतं. पावसाळ्यात आमच्याकडे दिवस दिवस ऊन नसतं, वर रेनकोटची बाही. कुणी ते लग्नासाठी म्हणून कपाटात ठेवलेलं असतं. सेल उतरत आला की सेकंदकाटा एकेक सेकंद न जाता दोन-दोन सेकंदांची उडी मारतो. तो बिघाड नव्हे, मागणी आहे. सकाळच्या उन्हात तबकडी वर करून ठेवा. ट्यूबलाइटखाली ठेवून भागत नाही. खोलीतला उजेड पाच-सातशे लक्सचा, बाहेरचं ऊन लाखाच्या घरातलं, म्हणून खोलीत तासन्‌तास ठेवून जे मिळतं ते उन्हात काही मिनिटांत मिळतं. जास्त चार्ज होऊन बिघडण्याची भीती नाही, ते थांबवायची सोय आत असते. भीती आहे ती उष्णतेची. घड्याळ ६० अंशांच्या वर तापू देऊ नका. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते सहज तापतं, त्यापेक्षा खिडकीची कड बरी.

१०० मीटरचा आकडा वाचून पाण्यात बटणं दाबू नका. दाबताना दट्ट्या हलतो आणि पाण्याला वाट मिळते. काही वर्षांनी रबरी वायसर कडक होतात, ते बदलून घ्या. स्टॉपवॉचचा काटा शून्यापासून थोडा सरकून थांबत असेल तर घाबरू नका, मशीन उघडायची गरज नसते. चावीचं डोकं बाहेर ओढून बटणांनी तो जागेवर आणता येतो, कृती सोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती पुस्तिका टाकून देऊ नका.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सोलर घड्याळातला सेल वर्षानुवर्षं टिकतो, पण कधीतरी तोही थकतो. पूर्ण उन्हात ठेवूनही चार्ज धरत नसेल, तर तो बदलायचा. तिथं नेहमीचा बटण सेल बसवायचा नाही. आकार जुळला तरी नाही. साधा सेल चार्ज होण्यासाठी केलेला नसतो, वरून उजेडाची वीज येत राहिली की तो फुगतो, गळतो, फुटूही शकतो, आणि सर्किट जातं. घाईच्या दुकानात असे बसवलेले सेल मी अनेकदा बाहेर काढले आहेत, भोवती खारवलेल्या कॉइलसकट. म्हणून मागचं झाकण उघडण्याआधी घड्याळजीला स्पष्ट सांगा की हे सोलर आहे, यात कंपनीचा रिचार्जेबल सेलच टाका. आणि काढलेला जुना सेल हातात मागून घ्या.